बाहीतले हात

शेकोटीत लाकूड सारा आणि अक्रोड फोडता फोडता ऐका. मध्ये बोलू नका. ही आमच्या जिरगालची गोष्ट, माझ्या चुलतभावाच्या जावयाची. दोन वर्षं झाली. ऑक्टोबरची एकोणीस तारीख, शनिवार.

जिरगाल बिश्केकचा चित्रकार. पोरांच्या एका पुस्तकासाठी त्याला रानातल्या भुताखेतांची चित्रं काढायची होती. एकडोळे, शेपटीवाले, झाडांच्या मुळांत राहणारे, असे अकरा काढून झाले. राहिली होती तांबेनखी, तांब्याची नखं बाहीत लपवून रात्री शिकाऱ्यांच्या शेकोटीपाशी येते ती. अक्रोडाच्या हिरव्या सालींची शाई उकळून तिला तिच्याच रानात काढायची, म्हणून तो वनरक्षक तोक्तोसुनच्या खोपीत येऊन राहिला. सोमवारी चित्र पोचलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. घरी बायको, बुरूल, आठव्या महिन्यात. त्या घराची सगळी भिस्त त्याच्या उजव्या हातावर.

तोक्तोसुन गावात जायला निघाला, तेव्हा म्हणाला, "काढ बाबा तिला. पण हात बाहीतच राहू दे."

"नखं नाही दाखवली तर पोरं भिणार कशाला?"

"आमच्याकडे कुणी दाखवत नाही."

"तुमच्याकडे चित्रकार तरी कुठे होता?" जिरगाल हसला. शहरात शिकलेला, त्याला कोण सांगणार?

संध्याकाळी साडेसातला वीज गेली. चुलीवर शाई रटरटत होती. दारात एक म्हातारी उभी दिसली, लांब झग्यातली. अक्रोड वेचणारी कुणी वाट चुकली असेल, असं त्याला वाटलं. दारी आलेल्याला नाव विचारायच्या आधी रोटी नि चहा द्यायचा, ही आपली रीत. "या आपा, बसा चुलीपाशी."

ती बसली. वाफाळता वाडगा तिनं दोन्ही बाह्यांत धरला. जिरगालला वाटलं, आयतीच सापडली.

"अशाच बसा हं आपा. तुमचं चित्र काढतो."

चेहरा झाला. झगा झाला. हातांची जागा कोरी राहिली.

"आपा... बाह्या जरा वर घेता?"

...

"फक्त बोटं हवीत..."

ती हसली. बाही हलली. आतून वाडग्यावर काहीतरी वाजलं. टिक. टिक.

तोक्तोसुनचं दारात बांधलेलं कुत्रं भुंकलंच नव्हतं. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"नको आपा... राहू द्या."

टिक.

चूल विझली. तिनं माणूस समजून त्यावरच झडप घालावी म्हणून जुने शिकारी करायचे तसा त्यानं चाचपडत ओंडक्यावर आपला कोट पांघरला आणि माळ्यावर चढला. ती कोटाकडे वळलीच नाही. रात्रभर खाली कागदावर लेखणी चालत होती. सावकाश. मन लावून.

सकाळी तोक्तोसुन आला. कोटावर ओरखडा नव्हता. वाडगा रिकामा होता. चित्रात हात आले होते. तांब्याची नखं नव्हतीच. साधे माणसाचे हात, नखं नीट कापलेली, उजवी करंगळी वाकडी. जिरगालची लहानपणी दारात चेमटली होती, अगदी तशी.

तेव्हापासून त्याला सरळ रेघ ओढता येत नाही. लेक झाली, गोड आहे. तो बाजारात पोती उचलतो. मला फार वाईट वाटतं.

बुरूलनं ते चित्र घरात ठेवू दिलं नाही. माझ्या पेटीत आहे. परवा उघडून पाहिलं.

नखं वाढली आहेत.