दहापैकी दहा

जागं होऊन पाच तास झाले होते, तरी डॉ. मालविका खांबेटेच्या बोटांना अजून ऊब आली नव्हती. 'दीर्घा' या अंतराळयानाच्या तपासणी कक्षात ती दोन पांघरुणं लपेटून बसली होती आणि समोरच्या पडद्यावरचा आकडा पुन्हापुन्हा वाचत होती. दहापैकी चार. उत्तीर्ण व्हायला दहापैकी दहा लागत. हा नियम दुसऱ्या कोणी केला असता तर तिने त्याला चार शब्द सुनावले असते, पण नियम तिचाच होता.

नऊ वर्षांपूर्वी यानावरच्या चाळीस जणांना शीतनिद्रेत घालायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना एकच घोर लागला होता. उठवल्यावर कसं कळणार, की निजवलेला माणूसच परत आला आहे? नाव, गाव, सतराचा पाढा हे बिघडलेला मेंदूही घडाघडा म्हणून दाखवतो. मालविकाला उत्तर सापडलं ते तिच्या वेडात. वयाच्या सतराव्या वर्षापासून ती दर डिसेंबरात त्या वर्षीच्या आवडत्या दहा अल्बमांची क्रमवार यादी करत असे. नियम कडक होते. अल्बम सलग ऐकायचा, एकही गाणं गाळायचं नाही, तीनदा ऐकल्याशिवाय क्रमांक द्यायचा नाही आणि दोघांना एक क्रमांक तर मुळीच नाही. सहावा आणि सातवा यांच्यावरून तिने सख्ख्या बहिणीशी महिनाभर अबोला धरला होता.

तिचं म्हणणं साधं होतं. गाणं आवडायला कान, आठवणी, अपेक्षा, जुनी दुखणी, सगळा मेंदू कामाला लागतो. म्हणून प्रत्येकाने निघण्याच्या वर्षीची दहा अल्बमांची यादी द्यायची आणि जाग आल्यावर तेच अल्बम ऐकून पुन्हा क्रम लावायचा; जितके अल्बम जुन्याच जागी, तितके गुण. याला तिने नाव दिलं पसंतीक्रम-चाचणी. ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनाही कुरकुरत यादी करावी लागली. क्रम जुळला नाही तर पूर्वस्थापन. निजण्याच्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या मेंदूतल्या चेतासंधींचा, म्हणजे पेशी-पेशींमधल्या जोडांचा, नकाशा घेतलेला होता. तो नकाशा मेंदूवर पुन्हा जसाच्या तसा उमटवायचा.

"पूर्वस्थापन चार वाजता," यानाचा नियंत्रक संगणक दक्ष अदबीने म्हणाला. "तोवर विश्रांती घ्यावी."

आत्ता सव्वाबारा वाजले होते.

मालविका घाबरली होती, आणि तिला कारणही पक्कं ठाऊक होतं. तिचा जुना पहिला क्रमांक होता 'ओसरती दुपार', धारवाडच्या एका तरुण गायिकेचे तीन दुपारचे राग. घर आवरून चाव्या शेजाऱ्यांकडे देताना ती तेच ऐकत होती आणि रडली होती. आज सकाळी मात्र दुसऱ्याच रागात तिला चीड आली. ही मुलगी दर तानेनंतर टाळ्यांसाठी थांबते, हे तेव्हा कसं कानाआड झालं? आणि आठव्या क्रमांकावरचा 'खाडीपलीकडे', मालवणच्या दोन वयस्क बहिणींनी स्वतःच्या खोलीत, डोक्यावर पंखा घरघरत असताना गायलेला, तो ऐकताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने इमानदारीत तो पहिला लावला. आता ही नवी आवड कोणाची? आपल्या डोक्यात बसून दुसरंच कोणी ऐकत असेल तर? बिघडलं असेल तर दुरुस्त झालेलंच बरं, असं तिने स्वतःला बजावलं, पण एकटीने चार वाजेपर्यंत बसवेना. धीर यावा म्हणून ती यानप्रमुखांकडे गेली.

विश्राम सोनटक्के दोन महिन्यांपूर्वी जागे झाले होते. त्यांच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत दहापैकी दहा होते. दोघांची मैत्री प्रशिक्षण केंद्रात याद्यांवरून भांडूनच जमली होती. नागपूरच्या एका बँडचा 'लोखंडी फूल' त्यांनी पहिला लावला म्हणून मालविकाने आठवडाभर त्यांना पिडलं होतं. आजही तिने तीच कळ काढली आणि 'लोखंडी फूल' म्हणजे कारखान्याचा भोंगा असल्याचं सांगितलं.

विश्रामराव चहाची पिशवी हातात घेऊन हसले. "ऐकताना वाटतं, कोणीतरी आपल्या बाजूने भांडतंय."

अगदी हेच वाक्य ते तेव्हाही म्हणाले होते. तिला बरं वाटलं. मग तिची नजर त्यांच्या पडद्यावर गेली आणि ती आपली भीतीही क्षणभर विसरली. पृथ्वीवरून आलेले नऊ वर्षांचे नवे अल्बम तिथे ओळीने लागले होते, शेकड्यांनी. सगळ्यांपुढे 'ऐकून झालं' अशी खूण होती. तिला हेवा वाटला. तिने विचारलं, तर म्हणाले, हो, सगळे ऐकले, काही दोनदा. मग यंदाची यादी कुठे आहे, असं तिने विचारलं. विश्रामरावांनी खुशीत यादी म्हणून दाखवली. पहिला, 'लोखंडी फूल'. दुसरा, तिसरा, थेट दहावा. निघतानाची यादी, काना-मात्रेचा फरक नाही.

"ही जुनी झाली, विश्रामराव. नव्यातला कुठला?"

"चांगले आहेत."

"पण कुठला?"

त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग ती आपोआप विरली. "चांगले आहेत," ते पुन्हा म्हणाले आणि चहा प्यायले.

त्याच नागपूरच्या बँडचे आणखी तीन अल्बम त्या रांगेत होते. त्यांची नावंही त्यांना सांगता आली नाहीत. एका ढोलकीच्या तुकड्यासाठी जेवण सोडून वाद घालणारा हा माणूस. मालविकाच्या हातापायांतली होती नव्हती ती ऊबही गेली.

तिने त्यांच्यासमोरच त्यांची नोंद उघडली. जागे झाल्यावर पहिल्या दिवशी दहापैकी पाच. त्याच दुपारी पूर्वस्थापन. त्यानंतर दर आठवड्याला दहापैकी दहा.

"नकाशा उमटवल्यावर तो टिकावा म्हणून आपण बंधक द्रव्य देतो," ती जपून म्हणाली. "ते किती दिवस टिकतं?"

"कायमचं. चेतासंधी पुन्हा हलायला नकोत. तसंच तर हवं होतं आपल्याला."

"आणि नवीन काही मनात बसायचं झालं, तर चेतासंधी हलाव्या लागतात."

"अर्थात," विश्रामराव म्हणाले. शाळेतल्या मुलाने पाठ केलेलं बरोबर सांगावं तसा त्यांचा चेहरा होता.

मग तिच्या ध्यानात सगळं येत गेलं, आणि येऊ नये असं तिला वाटत राहिलं. नऊ वर्षांच्या शीतनिद्रेतून माणसाला बाहेर काढायला चाळीस दिवस लागतात. त्या चाळीस दिवसांत चेतासंधी सैल होतात आणि नव्याने जुळतात. माणूस परत येतो तो थोडा बदलून, नऊ वर्षांनी कोणीही बदलतो तेवढाच. धडधाकट मेंदूची यादी बदलणारच. तिच्या प्रयोगशाळेत स्वयंसेवक तीन आठवडेच निजले होते आणि दोन दिवसांत जागे झाले होते, त्यामुळे याद्या फारशा हलल्या नाहीत. ज्या दोघा-तिघांच्या हलल्या त्यांचं पूर्वस्थापन झालं, दहापैकी दहा आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना एखादी नवी यादी करायला सांगावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही, आणि ती दर वर्षी नवी यादी करणारी होती.

यानावरच्या अधिकाऱ्यांना पूर्वस्थापनाआधी एक फेरचाचणी मागता येत असे. तीन वाजता तिने ती मागितली. दक्षने दहाही अल्बम पुन्हा थोडे थोडे ऐकवले. ती ऐकत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी वहीत लिहिलेलं पान ती मनातल्या मनात आठवत होती आणि आठवेल तसा क्रम लावत होती. मालवणच्या बहिणींना तिने आठव्या जागी ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती आपल्या यादीत खोटं बोलत होती. पाचवा आणि सहावा यांच्यात ती अडली, अंदाजाने एक टाकला आणि यादी दक्षकडे दिली.

"दहापैकी दहा," दक्ष म्हणाला. "पूर्वस्थापन रद्द. आपण कामावर रुजू होऊ शकता."

ती ओक्साबोक्शी रडली. रडणं ओसरल्यावर तिने उरलेल्या अडतीस जणांचं वेळापत्रक मागवलं. पहिलंच नाव यशोधन खांबेटे. तिचा नवरा. चाळीस दिवस पुरे झालेले, जाग उद्या सकाळी दहा वाजता. चाचणी एकट्याने, कोणाचीही भेट होण्याआधी, कारण कोणी उत्तरं सुचवू नयेत. तोही नियम तिचाच. आणि यशोधन तर न्याहारीच्या वेळी दुसरा लावलेला अल्बम बशा विसळून होईपर्यंत चौथ्यावर नेणारा माणूस. त्याला नऊ वर्षांपूर्वीची यादी आठवणंसुद्धा शक्य नव्हतं. त्याला उद्या चार मिळतील, फार तर पाच, आणि तो अधिकारी नसल्यामुळे फेरचाचणीही नाही. आणि दुपारी चारनंतर तो तिच्याकडे पाहून गोड हसेल, तिच्या प्रत्येक बोलण्याला नऊ वर्षांपूर्वीचं उत्तर देईल, ती म्हातारी होईपर्यंत.

तिने दक्षला चाचणी रद्द करायला सांगितलं. दक्षने नियम वाचून दाखवला. त्यासाठी दोन जागृत अधिकाऱ्यांची संमती लागे. तिची एक. दुसरी यानप्रमुखांची. यानप्रमुख बिघडले आहेत, असं तिने सांगून पाहिलं. त्यांचे दहापैकी दहा आहेत, असं दक्ष म्हणाला.

ती पुन्हा विश्रामरावांकडे गेली. तासभर बोलली. आकृत्या काढल्या, त्यांचीच नोंद त्यांना दाखवली, हात जोडले. विश्रामरावांनी मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग ते ममतेने म्हणाले,

"चाचणी उत्तम आहे, डॉक्टर. मला आधी पटत नव्हती. तुम्हीच पटवून दिलीत."

खरं होतं ते. साऱ्या केंद्रात या चाचणीला विरोध करणारे ते एकटेच होते. आपली यादी चहापासून जेवणापर्यंत बदलते, अशाने आपल्याला कोण ओळखणार, असं म्हणत ते तीन दिवस तिच्याशी भांडले होते. निजण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने हट्टाने त्यांना गाठलं आणि ते हो म्हणेपर्यंत उठू दिलं नाही. शेवटी हात वर करून ते हसले होते आणि म्हणाले होते, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा नकाशा घेतला गेला.