कोपरा दुमडलेलं कार्ड

"दार बाहेरून लावलं कुणीतरी!" रोरी ओरडला.

टॅमसिनने मूठ गरागरा फिरवली, पण दार हलायचं नाव घेईना! कपड्यांच्या त्या खोलीला खिडकीही नव्हती. बाहेर, कडी लावून निघालेल्या संग्रहालयाच्या अध्यक्षांचं, क्रॅबट्री साहेबांचं, गुणगुणणं दूर जात होतं.

आणि टॅमसिनच्या हातात होता क्रॅबट्री साहेबांचा अर्धवट शिवलेला कोट, त्याला टाचलेलं ते हरवलेलं चित्र! जुन्या कादंबरीसाठी काढलेलं मूळ चित्र, सकाळपासून गायब. ते चार वाजेपर्यंत सापडलं नाही, तर इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या या छोट्या संग्रहालयातली हेस्टर मावशीची नोकरी जाणार होती. सुट्टीत मावशीकडे आलेल्या या बहीणभावाला रिकाम्या चौकटीवर शिंप्याच्या निळ्या खडूचे डाग दिसले, म्हणून ती दोघं इथे डोकावली होती.

"मावशीवर ठपका ठेवणारे अध्यक्षच चोर!" रोरी म्हणाला.

"चोर कसले, वेंधळे! कॉलर चित्रासारखी शिवायची म्हणून आपल्या नव्या कोटाला टाचलं आणि विसरले!"

पावलं वाजली. आज जुन्या पोशाखांचा दिवस. संग्रहालय फिरवून दाखवणारा टॉलिव्हर बटलर, म्हणजे जुन्या काळचा घरकारभारी नोकर, झाला होता.

"टॉलिव्हरकाका, दार उघडा!"

"क्षमा असावी. ओळख करून दिल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही. त्या काळी तशी रीत होती."

"अहो, मी टॅमसिन! नाटक पुरे!"

"आपला परिचय नाही, बाईसाहेब." पावलं लांब गेली.

"आता कोटांसारखे लटकू इथेच," रोरी रडवेला झाला. चाराला दहा कमी होते. खाली संग्रहालयाच्या समितीसमोर मावशी एकटी बोलणी खात असेल!

तिने चित्राकडे पाहिलं. झग्यातली बाई, वाकलेला गृहस्थ, आणि बटलरच्या तबकात कोपरा दुमडलेलं कार्ड!

"रोरी, खिसे तपास! भेटीचं कार्ड आलं की बटलरला ते मालकिणीकडे न्यावंच लागतं! आणि कोपरा दुमडलेला म्हणजे पाहुणा स्वतः दारात आलाय!"

एका झग्याच्या बटव्यात कोरं कार्ड निघालं. तिने तिथल्याच निळ्या खडूने लिहिलं, 'हेस्टर मावशीस. चित्र इथे आहे. आम्हीही! कपड्यांच्या खोलीत कोंडलोय!' कोपरा दुमडला आणि पावलं परत वाजताच दाराखालून सरकवलं.

बाहेरून टॉलिव्हरचा आवाज आला, "अहाहा! कोपरासुद्धा दुमडलाय!"

पाच मिनिटांत दार उघडलं. मावशीमागे अख्खी समिती होती. कोटाला टाचलेलं चित्र बघून क्रॅबट्री साहेब कानापर्यंत लाल झाले.

"मी... एका मिनिटासाठीच... हेस्टरबाई, चूक माझी. माफ करा."

मावशीने दोघांना घट्ट मिठी मारली. तिचे डोळे भरून आले होते.

"टॉलिव्हर, ओळख करून देते. ही माझी भाची टॅमसिन, हा भाचा रोरी. आज यांनी माझी अब्रू राखली."

टॉलिव्हर कमरेत वाकला. "हुश्श! आता बोलता येईल. शाबास रे पोरांनो!"