फितूर चेहरा

मिथुन आलाच नाही. त्याच्याऐवजी एक उंच तरुण दारातून किंचित वाकून आत डोकावला आणि म्हणाला, "मिथुन येणार नाही… एवढंच सांगायला आलो होतो."

वल्लरीनं मांडून ठेवलेल्या फॉर्मकडे पाहिलं. न्यू पनवेलच्या या पुनर्वसन केंद्रात ती क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण घेत होती. मेंदूला मार लागलेल्या माणसाची स्मृती तपासायची, तर आधी धडधाकट माणसांवर हात बसवावा लागतो. आणि आजचा धडधाकट माणूस ऐन वेळी कलटी मारून मोकळा झाला होता.

"तुम्हाला तासभर वेळ आहे का?" तिनं विचारलं.

"मला? मी जासईला कंटेनरची कागदपत्रं बघतो. माझ्या डोक्यात तपासण्यासारखं काही सापडणार नाही."

"असंच डोकं हवंय," वल्लरी बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाली.

तो हसला आणि बसला. ओरेन रोहेकर, वय एकोणतीस, राहणार खांदा कॉलनी, अबीगेल आत्याकडे. ज्यू कुटुंब, घरचे बाकी सगळे इस्रायलला गेलेले. फॉर्म भरताना एवढं कळलं, आणि डाव्या गालावर खळी पडते हेही. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

तिनं पंधरा शब्द वाचले. कंदील, पोपट, विहीर, ताक… त्यानं आठवले तेवढे सांगितले. वीस मिनिटांनी पुन्हा सांगितले. शेवटी तिनं तीस शब्द वाचायचे आणि त्यानं फक्त म्हणायचं, हा यादीत होता की नव्हता. ओरेनची तीसच्या तीस उत्तरं बरोबर आली. वल्लरी हरखून गेली.

तिच्या गुरू कुमुद मॅडम यांनी रेकॉर्डिंग पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही त्याची स्मृती नाही गं. प्रत्येक शब्दाला तो तुझ्याकडे बघतोय. बरोबर असलं की तुझ्या भुवया नाचतात. तुझा चेहरा फितूर आहे, वल्लरी."

चाचणी बाद झाली. तीन आठवड्यांनी मॅडमसमोर प्रॅक्टिकल, नवी यादी, माणूस तोच. चेहरा पुन्हा फितूर झाला तर प्रशिक्षण सहा महिने मागे.

वल्लरीनं तणतणत फोन लावला. "तुम्ही माझ्याकडे बघून उत्तरं दिलीत?"

"शब्द आठवेनात," ओरेन म्हणाला. "तुमच्याकडे बघणं मात्र… सोपं गेलं."

फोनवर चेहरा दिसत नाही हे तिचं नशीब.

मग त्यानंच तोडगा काढला. रोज संध्याकाळी केंद्राखालच्या टपरीवर तो तिला हसवणार आणि तिनं हसायचं नाही. चाचणीआधी त्या माणसाशी कामापुरतीच ओळख ठेवायची, हा नियम तिनंच वहीत लाल शाईनं लिहून ठेवला होता. पण आपण यादीबद्दल कुठे बोलतोय, अशी स्वतःची समजूत घालून ती सहाच्या ठोक्याला खाली उतरायची. वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून सुटला की आंबूस वास यायचा, तरी दोघं दुसरा चहा सांगायचे.

"तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्तृत्व?" ती मख्ख चेहऱ्यानं विचारायची.

"तीन वर्षांपूर्वी एक कंटेनर हरवला होता. मी नुसत्या आठवणीवर शोधला." आणि त्या कंटेनरच्या नंबरची चार अक्षरं, सात आकडे त्यानं धडाधड म्हणून दाखवले. "वेलचीचा होता. घरी गेलो तर आत्या म्हणाली, अंघोळ कर, खिरीसारखा वास येतोय."

वल्लरीच्या ओठांचा कोपरा हलला. "हललात," ओरेन गंभीरपणे म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून."

सराव इतका अंगात मुरला की एके दिवशी काशिरामनं तक्रार केली. काशिराम ट्रक चालवायचा. डोक्याला मार लागल्यापासून त्याला कामांचा क्रम आठवेना. भिंतीवरची चित्रं बघत चहा करायला वल्लरी त्याला शिकवत होती. "ताई, तुमी अशा तोंड मिटून बसलात तर मला कसं कळंल, बरोबर हाय का नाय?"

मॅडमनी ते ऐकलं. "चाचणीत चेहरा बंद ठेव. उपचारात नको," त्या म्हणाल्या. कुठला दरवाजा कधी उघडायचा, हेच तर वल्लरीला कळेनासं झालं होतं. कारण आताशा ओरेन दिसला की चेहरा बंद ठेवणं जड जायचं. तिला तो आवडत होता, अगदी सरळ आवडत होता.

प्रॅक्टिकलच्या दिवशी ओरेन दाराशीच थांबला. आत मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यानं आवाज हळू केला.

"शिराचा, माझ्या बहिणीचा फोन होता. तिकडे इस्रायलला नोकरी बघून ठेवलीय तिनं. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय." तो क्षणभर घुटमळला. "जाऊ… की राहू, वल्लरी?"

तीन आठवड्यांचा सराव नको तिथे कामी आला. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"या, बसा," ती म्हणाली. "सुरू करूया."

त्याला पंधरापैकी सहा शब्द आठवले. वीस मिनिटांनी तीनच. होता-नव्हताच्या वेळी तो प्रत्येक शब्दाला तिच्याकडे बघत राहिला, आणि समोर नुसती भिंत. हळूहळू त्यानं बघणंच सोडलं. वल्लरीनं शेवटची खूण केली आणि पेन खाली ठेवलं.

तो गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "चाचणी चोख घेतलीस. आता अहवाल लिही. धडधाकट माणसाचे आकडे असे का आले, कारण दे."

'स्मृती क्षीण, पुढील तपासणी आवश्यक.' एवढं लिहिलं असतं तर काम झालं असतं. आकड्यांशी जुळलं असतं, कुणी काही विचारलंही नसतं. पण तो शेरा ओरेनच्या नावापुढे लागला असता. ज्याला तीन वर्षांपूर्वीच्या कंटेनरचा नंबर तोंडपाठ, त्याच्या नावापुढे! आणि हे तिला ठाऊक होतं ते टपरीवरच्या चहामुळे. म्हणजे त्याची बाजू घ्यायची तर आधी स्वतःची चोरी कबूल करायची.

तिनं लिहिलं: 'स्मृती उत्तम आहे. हे मला माहीत आहे, कारण गेले तीन आठवडे आम्ही रोज भेटतो. चाचणीच्या दोन मिनिटं आधी त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही. त्यांचं लक्ष त्या उत्तरात अडकलं होतं. चूक माझी आहे.'

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "नियम माहीत होता?"

"हो."

"तरीही भेटलीस?"

वल्लरीच्या चेहऱ्यानंच सगळं सांगून टाकलं.

"चाचणी बाद," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी दुसरा माणूस आण, पुन्हा प्रॅक्टिकल दे. 'स्मृती क्षीण' लिहिलं असतंस तर सहा महिने मागे ठेवलं असतं तुला." त्यांनी चष्मा लावला. "आणि त्या मुलाची चाचणी तू यापुढे घ्यायची नाहीस. का, ते तुला सांगायला नको."

वल्लरी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. ओरेन टपरीपाशी दोन ग्लास धरून उभा होता. दोन्ही चहांवर साय धरली होती.

"नापास झालो ना?"

"बाद झालात."

"मग परत कधी घेणार?"

"कधीच नाही. मी तर नाहीच."

त्याचा चेहरा पडला. त्याचाही चेहरा काही लपवत नाही, हे तिला आजच कळलं.

"नियम आहे तसा," ती म्हणाली. "आपल्या माणसांची चाचणी घेता येत नाही."

ओरेनच्या गालावर हळूहळू खळी पडली.

"म्हणजे शिराला…"

"सांग तिला. राहतोयस म्हणून."

तिनं त्याच्या हातातला एक ग्लास घेतला. गार चहा, तरी प्यायली.

"आत्या नवस बोललीय," तो म्हणाला. "मी राहिलो तर एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, मलिदा. पोहे, नारळ, गूळ, घरभर वेलची. येशील?"

ओरेननं पहिल्या दिवशीसारखं तिच्या नाचणाऱ्या भुवयांकडे पाहिलं.

"मग रविवारी," तो म्हणाला. "शनिवारी आमचा शब्बाथ, आत्या चूल पेटवत नाही."