माळावरची टकटक

"चला, बसमध्ये बसा! सहल संपली!" गोकुळ सर कडाडले.

कन्हेरीच्या मुलांचे चेहरे उतरले. दिवाळीच्या सुट्टीत ती शेळगावच्या माळावरची रेडिओ दुर्बीण पाहायला आली होती. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ही अजस्र तबकडी टिपत असे. म्हणून प्रवेशद्वारापाशीच सर्वांचे मोबाइल बंद करून जमा केले होते. तरीही नियंत्रणकक्षातील ध्वनिवर्धकातून सारखी टकटक उमटत होती आणि तिच्यात आकाशाचा आवाज बुडाला होता.

"कोणीतरी मोबाइल लपवलाय!" सरांची नजर अनसवर स्थिरावली. "तुझ्या चाचांचं मोबाइलचं दुकान आहे ना?"

"झडती घ्या, सर!" अनसने स्वतःच दप्तर उपडे केले. डबा, बाटली, अर्धवट खाल्लेला पेरू! मोबाइल नव्हताच. तरीही सरांचा संशय फिटला नाही, आणि मुले हळूहळू अनसपासून दूर सरकली.

राजलक्ष्मी मात्र जागची हलली नाही. "दिग्या, ही टकटक वळखीची वाटत न्हाय का रं?"

दिग्विजयने कान टवकारले. "व्हय की! रानडुकरांसाठी उसाला झटक्याची तार लावली, की आज्जीच्या रेडिओत असंच वाजतं!"

"मग हितं तार कुणी लावली?"

आवारात हिरवा मळा दिसत होता तो फक्त उपाहारगृहामागे; अनसला सोबत घेऊन तिघेही गुपचूप तिकडे गेले. उंच गवतापलीकडे काकडीचे वेल होते. तेवढ्यात उपाहारगृहाचे चालक नागेशराव धावत आले.

"माघारी फिरा! साप हाय तितं!"

"मग तुमी कसं जाता, तात्या?" राजलक्ष्मीने विचारले.

"मला वळखतो त्यो!" असे ऐटीत म्हणून ते वेलांकडे निघाले, पण गवतापाशी येताच त्यांनी धोतर सावरले आणि पाय चांगला गुडघाभर उचलून पलीकडे टाकला.

"सापाला असं कोण वलांडतं?" अनस पुटपुटला.

राजलक्ष्मी धावत जाऊन सरांना आणि दुर्बिणीच्या शास्त्रज्ञ जयवंता मॅडमना घेऊन आली. दिग्विजयने गवत बाजूला सारताच तार दिसली.

"कापडं वाळत घालायची साधी तार हाय ती!" नागेशराव गरजले. "पोरं खोटं बोलत्यात!"

"साधी हाय ना?" राजलक्ष्मी शांतपणे म्हणाली. "मग लावा की हात!"

नागेशरावांनी हात पुढे केला, आणि झटकन मागे घेतला. "आगं, झटका बसंल की!"

सगळे खो खो हसत सुटले. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"तारेला गवत टेकलं की ठिणगी उडते, आणि प्रत्येक ठिणगी दुर्बिणीला ऐकू येते. इथं अशा यंत्रांना सक्त बंदी आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

नागेशरावांनी मान खाली घालून यंत्र बंद केले. त्याच क्षणी कक्षातील टकटक थांबली.

आळ सर्वांदेखत घेतला होता, म्हणून नियंत्रणकक्षात परतल्यावर सरांनी माफीही सर्वांदेखतच मागितली. "अनस, चूक माझी झाली, बाळा."

"शाबास, मुलांनो!" मॅडम म्हणाल्या. "आम्ही यंत्रांवर नजर लावून बसलो; तुम्ही नीट ऐकलंत! अनस, तबकडी कुठं वळवायची ते आता तू सांग."

अनसने मागे पाहिले. दूर सरकलेली मुले खाली मान घालून दाराशीच घुटमळत होती.

"तितं काय उभं ऱ्हायलाय?" तो ओरडला. "या की पुढं! सगळ्यांनी मिळून सांगू!"