ओच्यातला शंख

बस जरा जवळ, सांगते. त्या दुपारी मी शेजारच्या गंगाकडे विरजण मागायला गेले. खरं म्हणजे विरजण घरात होतं. पण ओहोटीला कालवं काढायला गेलेली ती काय काय घेऊन आली, ते मला बघायचं होतं.

तिने ओच्यातून एक शंख काढला. निमुळता, तपकिरी नक्षीचा, देखणा. कालवं टोपलीत टाकायची आणि पोरांसाठी काही सुंदर दिसलं की ओच्यात खोचायचं, ही आमच्या बुरोंडीच्या बायकांची सवयच. वाटेत पोटाला काहीतरी टोचलं, म्हणाली. मग ओठ बधिर झाले म्हणाली. मग पापण्या मिटल्या आणि ती पडवीत आडवी झाली.

दापोलीच्या एका डॉक्टरांना फोन लावला. असल्या शंखात जिवंत गोगलगाय असते, कापडातूनही डंख मारते, त्यावर औषध नाही, म्हणाले. गाडी पाठवतो, ती येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहा, थांबलात तर बाई जाईल. तिला सगळं ऐकू येत असेल.

वाडीतली माणसं दाभोळला लग्नाला गेलेली. मी आणि तिची सासू येसूबाई, आळीपाळीने फुंकत राहिलो. माझे ओठ सुजले. बोटीवर असलेल्या लेकाचं नाव घेत म्हातारी रडायची, रडता रडता फुंकायची. ऊन उतरलं, वीज गेली, समुद्राचा कुबट वास दारात आला. तेवढ्यात वर रस्त्यावर हॉर्न वाजला. गंगाला सासूच्या हवाली करून मी वाट दाखवायला धावले.

पाखाडीच्या पायऱ्या चढून वळले, तर मागे येसूबाई, हातात बॅटरी.

"तिच्याजवळ कोण आहे?"

"अगो, तूच ना... परत आलीस, म्हणालीस मी बघते, तुम्ही व्हा पुढं..." तिने बॅटरीचा उजेड माझ्या कोरड्या पदरावर टाकला. "पदर ओला होता तुझा."

आम्ही खाली कशा आलो, देवाला ठाऊक. पडवीत गंगा एकटीच. ओठांना ओली वाळू. छाती मात्र संथ वरखाली होत होती.

वाचली ती. घरी आली तशी मी पेज घेऊन गेले, खोदून खोदून विचारलं.

"काकी, तुमचा श्वास ऊन होता. सासूबाईंच्या श्वासाला मिशरीचा वास..." ती हळू बोलली. "तिचा थंड. खारट."

"कोण होती गो ती?"

"होती नाय, काकी... अजून देतेय."

परवा ती झोपलेली असताना मी जाऊन उशाशी बसले. छाती संथ हलत होती. मी तिच्या नाकाशी हात धरला, बराच वेळ धरला. हाताला वारा लागला नाही.