चाळीस मिनिटांची वाट

धक्क्यावर जाळं वाळत घातलेलं असलं की मांजरसुद्धा त्याला वळसा घालून जातं. हा माणूस मात्र सरळ आला... मान खाली, डोळे चाकावर. लांब दांडीला लावलेलं एक चाक, फिरलं की टिकटिक करणारं. टिक, टिक, टिक — आणि मग सगळंच थांबलं. चाक जाळ्यात, जाळं चाकात, आणि हा पठ्ठ्या गुडघ्यांवर.

"अहो चाकवाले! डोळे घरी ठेवून आलात का?"

ओरडली ती धाकटी. सगळा धक्का तिला धाकटीच म्हणायचा. थोरली लग्न होऊन गेली त्यालाही सहा वर्षं झाली होती. जाळी दुरुस्त करण्यात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि फटकळपणातही आईखालोखाल हिचाच नंबर.

"मी... वाट मोजतोय," तो म्हणाला.

"वाट मोजताय की आमची वाट लावताय? धरा इथं. ओढू नका! जाळ्याची आणखी तीन घरं फाटतील."

मग तासभर तो जाळं धरून बसला आणि ती एकेक दोरा सोडवत राहिली. त्याचे हात लांब, बोटं नीटस; धर म्हटलं तिथं धरायचा, सोड म्हटलं की सोडायचा. एवढं ऐकणारा पुरुष धाकटीनं पहिल्यांदाच पाहिला. किनाऱ्यावरच्या छोट्या बंदरांमधल्या सोप्या वाटांचं एक पुस्तक निघणार होतं. कुठून निघायचं, कुठं वळायचं, किती वेळ लागतो... म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना जमतील अशाच वाटा. हा त्या मोजायचा आणि वळणावळणावर दगडांना रंगाची खूण करायचा.

"इथून दीपगृहापर्यंत किती लिहिलंत?"

"पंचवीस मिनिटं."

धाकटी खो खो हसली. "तुमच्या ढांगांनी! आमची मावशी गुडघ्याला पट्टा बांधून जाते. तिला विचारा."

"मग... येतील का त्या?"

मावशी आली. तिच्या सोबतीला धाकटी आली. आईनं जाळ्याच्या दुसऱ्या टोकावरून मान वर न करता सुनावलं, "जा. पण सुई घेऊन जा. हात रिकामे दिसायला नकोत मला."

म्हणून धाकटी चालता चालता जाळं विणायच्या लाकडी सुईवर सुतळी भरत राहिली. दीपगृह आलं तेव्हा मावशीनं पट्टा सैल केला आणि त्यानं घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं. माप मिळालं, काम संपलं.

दुसऱ्या दिवशी तो परत हजर. "एक वळण मोजायचं राहिलं."

तिसऱ्या दिवशी, "पायऱ्या मोजायच्या राहिल्या."

"पायऱ्या कालही अकराच होत्या," धाकटी म्हणाली... आणि सुई घेऊन उठली.

भुरभुर पाऊस यायचा आणि पाच मिनिटांत पुसल्यासारखा जायचा. खडकांवर मीठ चमकायचं. ती पुढे, तो मागे, मध्ये चाकाची टिकटिक. ती थांबली की टिकटिक थांबायची. मग मुद्दाम ती भलत्याच ठिकाणी थांबायची.

"आता काय झालं?"

"काही नाही. तुमचं चाक ऐकतं का बघत होते."

"चाक माझं ऐकतं," तो म्हणाला. "मी कुणाचं ऐकतो ते... तुम्हाला ठाऊक आहे."

ती सुतळीकडे बघत राहिली. सुई केव्हाच भरली होती.

पण एक गोष्ट तिला आत कुरतडत होती. पुस्तकाची दोनच पानं उरली होती. पानं संपली की हा चाक उचलून दुसऱ्या किनाऱ्याला जाणार. आणि 'थांबा' म्हणायला तिची जीभ वळणार नव्हती. भांडायला सांगा, हवं तेवढं. आर्जव करणं त्यांच्या घरात कुणाला आलंच नव्हतं.

त्याच नादात तो घोटाळा झाला.

बंदराच्या तोंडाशी दोन पांढरे दगड होते. एक खाली पाण्याजवळ, एक वर टेकाडावर. होडीतून बघताना वरचा बरोबर खालच्याच्या डोक्यावर दिसला की खाली पाणी खोल, खुशाल आत यावं. दोन्ही बाजूबाजूला दिसले की समजावं, पुढे खडक आहे. पाऊल टाकायला शिकण्याआधीपासून धाकटीला हे ठाऊक होतं. तरीही त्या दिवशी टेकाडाच्या वळणावर, त्याच्याशी हसता हसता, तिनं एका मोठ्या दगडावर हात ठेवला. "इथं मारा खूण. इथं लोक चुकतात." त्यानं डबा उघडला आणि हातभर पांढराशुभ्र चौकोन काढला. वरच्या जुन्या दगडापासून जेमतेम वीस पावलांवर!

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र धुरकट होता. काकाची होडी परत येत होती. काकानं वरची पांढरी खूण शोधली, जी जास्त चकाकत होती तीच धरली आणि सरळ आत आला. बुडाचा करकर आवाज धक्क्यापर्यंत ऐकू आला. माणसं धडधाकट राहिली; होडीच्या बुडाच्या दोन फळ्या मात्र गेल्या.

सगळा धक्का गोळा झाला. काका भिजलेला आणि पेटलेला. "कुणी केलं हे? चाकवाल्या, तूच ना?"

"मीच," तो म्हणाला. "रंग माझा, हात माझा. चूक माझी."

"मग आत्ताच्या आत्ता चालू लाग! या बंदरात परत दिसलास तर —"

तो मान खाली घालून चाकाकडे वळला. धाकटीकडे त्यानं पाहिलंही नाही. आपल्याला वाचवण्यासाठीच हा मुद्दाम आपल्याकडे बघत नाहीये, हे तिला कळलं. गप्प राहिली असती तर तिची इज्जत जागच्या जागी राहिली असती... आणि तो गेला असता.

"काका, दगड मी दाखवला," ती म्हणाली.

काका चाकवाल्याला सोडून तिच्याकडे वळला.

"तू? तुला ठाऊक नव्हतं वर खूण आहे ते?"

"ठाऊक होतं. लक्ष नव्हतं."

"लक्ष कुठं होतं?"

धाकटीचे कान लालबुंद झाले. तेव्हा आई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "धक्क्यावर जन्मलेली माझी पोर ही खूण विसरली, म्हणजे प्रकरण दगडाचं नाही, भावोजी. तुम्ही होडीचं बघा. हे मी बघते."

मावशी पट्ट्यासकट खुदकन हसली. मग काकालाही राग धरवेना. "मी एवढा बुडता बुडता वाचलो, आणि यांचं हे चाललंय!"

चाकवाला गेला नाही. दोन दिवस तो काथ्यानं आपल्याच सगळ्या पांढऱ्या खुणा घासत होता आणि धाकटी मागोमाग पिवळ्या रंगवत होती. पुढचे आठ दिवस तो काकाच्या हाताखाली फळ्या बसवायला राबला. हातोडी बोटावर, काकाच्या शिव्या कानावर. दहाव्या दिवशी होडी पाण्यात उतरली आणि काका म्हणाला, "बरा आहे. ऐकतो."

त्या सकाळी तो चाक घेऊन धक्क्यावर आला. आई आणि मावशी तिथंच जाळं घेऊन बसल्या होत्या. हातात पुस्तकाचं शेवटचं पान. छापायच्या आधी एकदा बघून द्या म्हणाला. धाकटीनं वाचलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"बंदर ते दीपगृह... दोन तास पन्नास मिनिटं? अहो, मावशी चाळीस मिनिटांत जाते!"

"मी घड्याळ बघूनच लिहिलं. शेवटी आपण दोघं गेलो तेव्हा एवढेच लागले."

"लोक हसतील. दुरुस्त करा."

"दुरुस्त करायला तुमच्याशिवाय जावं लागेल." त्याचा आवाज अडखळला. "ते... मला नाही जमायचं. या खुणा दर वर्षी रंगवायला पुस्तकवाल्यांना माणूस हवाय, मी नाव दिलंय. मिळालंही ते काम. पण राहायचं की नाही, ते तुम्ही सांगाल तसं."

लाट आली, धक्क्याला आपटून गेली. आर्जव करायची वेळ तिच्यावर आलीच नाही. पण आता तोऱ्यात राहणंही जमेना.

"थांबा," ती म्हणाली. एवढा एकच शब्द, पण गेले कित्येक दिवस घशात अडकलेला.

तो असा हसला की धाकटीला दुसरीकडे बघावं लागलं. मग तिनं पेन्सिल घेतली, पानावर 'चाळीस मिनिटं' लिहिलं, आणि त्याचं चाक उचलून मावशीच्या पायाशी ठेवलं.

"ते कशाला?"

"आजची वाट मोजायची नाही."

दोघं पायऱ्या चढून टेकाडावर पोचले, पहिल्या पिवळ्या खुणेपाशी, तोच खालून आईचा आवाज आला. सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा.

"अगं ए, सुई इथंच राहिली की! हात रिकामे घेऊन निघालीस?"

धाकटीनं तिथूनच हात वर करून दाखवला. त्यात त्याचा हात होता.

आईनं डोळे बारीक करून नीट पाहिलं, आणि जाळं पुढं ओढून घेतलं. "बरं, बरं," ती मावशीला म्हणाली, "दोन तास पन्नास मिनिटांत आली नाहीत, तर बोलावून आण."