दर्याचा हात

ही गोष्ट १९८२ सालची. वाशीच्या नव्या सोसायटीत बिऱ्हाड थाटलेले सुभाष आणि वैजयंती दोन दिवस हवापालटाला न्हाव्याजवळच्या एका कोळीवाड्यात गेले. मुंबईची माणसं तिथे नुकतीच येऊ लागली होती. बोंबील सुकवायच्या बांबूंवर पाहुण्यांचे टॉवेल वाळत, आणि जाळी ठेवायच्या खोलीत गिरजाबाईने खाटा मांडल्या होत्या. तिचा नवरा नामदेव मासेमारी सोडून पाहुण्यांना होडीतून फिरवी.

वैजयंती साताऱ्याकडची, विचारल्याशिवाय न राहणारी. गिरजाबाईच्या डाव्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, उजवा मात्र ओका.

"गिरजाबाई, या हातातल्या कुठे गेल्या हो?"

"लग्नान दर्याला दिल्या. आमच्यान तशीच रीत हाय. मंग त्यो धन्याला राखतो."

"आता कसली राखण? पाहुण्यांना तर फिरवतात!"

"पानी तेच हाय ना, बाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाष नामदेवबरोबर होडीतून गेला. दुपारी वारा फिरला, खाडी काळवंडली. जेवणवेळ टळली. धक्क्यावर वैजयंतीचा जीव टांगणीला लागला होता. गिरजाबाई शेजारी बसून शांतपणे कोलंबी सोलत होती.

"तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"माझा येल," ती म्हणाली, आणि मान खाली घातली.

न बोललेलं वैजयंतीला कळलं. तिच्या माहेरी बाईचा हात ओका होतो तो कपाळ पुसलं गेल्यावरच. तरी तिने उजवा हात पुढे केला. गिरजाबाईने खोबरेल चोळून एकेक बांगडी उतरवली. वैजयंतीने त्या पाण्यात सोडल्या.

आवाज झाला नाही. तरंगही उठला नाही. कुणी ओंजळीत घ्याव्यात तशा त्या गेल्या.

संध्याकाळी दोघे परतले, नखशिखांत भिजलेले. होडी उलटली होती.

"मी तर तळाला गेलो होतो," सुभाष म्हणाला. "या नामदेवनी दंड धरून वर काढलं."

"मी नाय, साहेब. मी होडीला लटाकलो व्हतो. तुमी आपसूक वर आलाव."

"चेष्टा करता काय राव!"

सुभाषच्या दंडावर पाच बोटं उमटली होती.

बारीक. बाईची.

नामदेव पुढे म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात गेला. गिरजाबाई त्याच्यामागे वर्षभरात. घराच्या जागी आता दुमजली लॉज आहे. सुभाष निवृत्त होऊन सीवूड्सला राहतो, पाण्याकडे फिरकत नाही. दुपारी जेवून गाढ झोपतो. भरती लागली की त्याचा तो हात पांघरुणातून वर येतो आणि कुणी धरल्यासारखा अधांतरी राहतो.

एकदाच वैजयंतीने तो खाली घ्यायला पाहिलं.

वरून ओढ लागली.